घराचे वर्ष, दोघांचे दोन दिवस

मध्यमवर्गीय मराठी घराचा दिवस दुधाच्या पिशवीने उघडतो आणि ओटा पुसून मिटतो. मधल्या वेळात डबे, शाळेची व्हॅन, पाण्याची वेळ, गॅसचा नंबर, आजोबांची रक्तदाबाची गोळी, सोसायटीची मीटिंग आणि संध्याकाळचा ‘भाजी काय करायची?’ हा रोजचा प्रश्न. यातले एकही काम अवघड म्हणावे असे नाही, पण टाळता येईल असेही एक नाही. नवराबायकोचे दिवसभरातले बोलणेही बहुतेक याच कामांचे असते. कोण कुणाला कुठून आणणार, कुणी काय भरले, कुणाचा फोन येऊन गेला. दिवसभर कामाच्या बोलण्याने दमलेल्या माणसांना रात्री साडेदहाला निवांत बोलायचे म्हटले तरी विषय सुचत नाही.

ही कामे कुणाच्या वाट्याला किती येतात, याची देशपातळीवरची मोजणी झालेली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे देताना आढळल्या, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष 97 मिनिटे. 2024 च्या सर्वेक्षणात हेच आकडे 289 आणि 88 वर आले. दोघांचाही वेळ थोडा घटला. दोघांमधले अंतर मात्र पाच वर्षांत 202 मिनिटांवरून 201 मिनिटांवर आले, म्हणजे एका मिनिटाने. शिवाय ही सरासरी घरकाम करणाऱ्या पुरुषांपुरतीच आहे. दिवसभरात त्यातले काहीच न करणारे पुरुष या हिशेबात आलेलेच नाहीत, आणि त्यांची संख्या बरीच मोठी आहे. नवराबायकोच्या सहलीचा विचार करताना हे आकडे बाजूला ठेवून चालत नाही. दोघे एकाच गाडीने एकाच ठिकाणी जातात, पण दोघांची सुटका वेगवेगळ्या गोष्टींपासून होत असते.

दिवसाप्रमाणे घराच्या वर्षालाही एक ठरलेली चाल असते. शाळेत जाणारी मुले असलेल्या घराचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, जूनमध्ये होते. विदर्भात उन्हामुळे शाळा थोड्या उशिरा उघडतात, एवढाच फरक. वह्यांना कव्हरे घालून झाली की आषाढ-श्रावणातले उपास-तापास, मग गणपती, सहामाही परीक्षा, दिवाळी. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई आणि अहेरांचा खर्च. डिसेंबरात शाळेचे गॅदरिंग, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये पाहुणे, आंबे आणि अजूनही काही घरांत पापड-कुरडया. घरात कुणी दहावी-बारावीला असेल तर ते अख्खे वर्ष बाहेर जाण्याचा विषय काढायचा नाही, असा अलिखित दंडकच असतो. या वर्षात सणांना जागा आहे, पाहुण्यांना आहे, आजारपणालाही आहे. नवराबायकोला एकमेकांसाठी म्हणून वेगळे दोन दिवस त्यात नेमलेले नाहीत. ते काढावे लागतात, आणि पूर्वापार कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या कारणाच्या आडोशानेच ते निघत आले.

त्यातले सर्वांत जुने कारण म्हणजे देव. लग्न झाले की जोडीने कुलदैवताला जायचे. ज्यांचे कुलदैवत खंडोबा, त्या घरांतला नवरदेव जेजुरीला बायकोला उचलून गडाच्या निदान पाच पायऱ्या तरी चढतो. आजूबाजूला भंडारा उधळत असतो, मागून सासू, नणंदा, मामेभाऊ असा सगळा लवाजमा येत असतो आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाइलही असतो. एरवी चारचौघांत बायकोचा हात धरायला संकोचणाऱ्या समाजाने देवाच्या दारात मात्र एवढी मोकळीक बिनदिक्कत दिली, हे गमतीचेच. कुणी तुळजापूरला जातो, कुणी कोल्हापूरला, कुणी माहूरला. पण नव्या जोडप्याचा पहिला प्रवास देवाचा आणि माणसांच्या गराड्यातला, हे ठरलेले.

दुसरे कारण सासुरवाडीचे. पहिल्या दिवाळसणाला जावयाला बोलावणे येते, लेक चार दिवस माहेरी विसावते आणि जावयाच्या ताटात काय काय पडले याची चर्चा पुढे महिनाभर चालते. अधिक महिना आला की पुन्हा धोंड्याचे निमित्त. पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारशांचे वाण घेण्यासाठी मुलगी-जावई जोडीने जातात. साधारण तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना. 2023 मध्ये श्रावण अधिक होता, 2026 मध्ये ज्येष्ठ. या भेटींत जोडप्याला एकांत मिळतो असे नाही, पण निदान त्यातल्या एकीला तरी स्वयंपाकघरातून सुट्टी मिळते. जावयाला ती बारा महिने असतेच.

नोकरीच्या निमित्ताने जोडप्याला घराबाहेरचे आयुष्य मिळाल्याची उदाहरणे एकोणिसाव्या शतकापासून दिसतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची नोकरी फिरतीवर आली, तेव्हा पत्नी रमाबाई त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडल्या. पुण्याच्या घरात रमाबाईंच्या शिकण्यावरून घरातल्याच बायकांचे टोमणे रोजचे होते. मुक्कामाच्या गावी ते ऐकावे लागत नव्हते. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे रमाबाईंचे पुस्तक 1910 मध्ये आले. भरल्या घरात नवराबायकोला एकमेकांशी बोलायला जागा कशी नसे आणि घर सुटल्यावर ती कशी मिळे, हे त्यात फार नितळपणे कळते.

केवळ हवा खायला म्हणून जोडीने जाणे मराठी घरांत फार उशिरा आले. त्यासाठीची ठिकाणे आधी साहेबाने स्वतःसाठी वसवली होती. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढला आणि तिथे बंगले उभे राहू लागले. महाबळेश्वर तर मुंबई इलाख्याच्या सरकारचे उन्हाळी ठाणेच होते. तिथला आज होड्यांनी गजबजलेला वेण्णा तलाव 1842 मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधवला. स्वातंत्र्यानंतर हीच ठिकाणे मुंबई-पुण्याच्या नवविवाहितांची झाली. कडक इस्त्रीची पॅंट घातलेला नवरा, हातभर चुडा आणि अंगावर कार्डिगन घेतलेली बायको, मागे धुके, असा पॉइंटवरच्या फोटोग्राफरने काढलेला एक फोटो कितीतरी घरांच्या अल्बमात सापडतो. त्यानंतर थेट मुलांची बारशी आणि मुंजी. मधल्या दहा-पंधरा वर्षांत दोघांचाच असा फोटो बहुधा नसतो.

सरकारी नोकरीने प्रवासाची सवय लावली हे खरे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत 1956 पासून मिळू लागली; चार वर्षांच्या टप्प्यात एकदा मूळ गाव आणि एकदा देशात कुठेही, अशी तिची साधारण रचना आहे. कन्याकुमारी आणि काश्मीर मराठी कारकुनाच्या आवाक्यात आले ते याच सवलतीमुळे. पण ती अख्ख्या कुटुंबाची. मुले आणि अवलंबून असलेले आईवडीलही तीत मोजले जातात, तेव्हा त्यांना मागे ठेवून कोण जाणार? दोघांनीच जायचे दिवस खऱ्या अर्थाने आले ते शनिवार मोकळा झाल्यावर. केंद्रीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा 1985 मध्ये लागू झाला, राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून. खासगी आणि आयटी कंपन्यांत तो त्याआधीच रुळला होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला आणि लोणावळा-खंडाळा शुक्रवारी संध्याकाळी ठरवून शनिवारी गाठण्याची ठिकाणे बनली. त्या मार्गावर शनिवारी सकाळी घाटात तासन्‌तास अडकलेल्या गाड्यांत अशी अनेक जोडपी असतात. त्यांचा अर्धा एकांत तिथेच पार पडतो.

दोन दिवसांची सहल प्रत्यक्षात दोन दिवसांची नसते. घरातल्या बाईसाठी ती तीन-चार दिवस आधी सुरू होते. दोन वेळांची कणीक मळून फ्रिजमध्ये, चटणी आणि लिंबाचे लोणचे पुढे काढून ठेवलेले, भाजी निवडून डब्यात, इडलीचे पीठ आंबवून. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली चिठ्ठी: दूध एकच पिशवी घेणे, शनिवारी पाणी सकाळी साडेसहाला, बाबांची गोळी जेवणाआधी, जेवणानंतर नव्हे, चित्रकलेचा प्रोजेक्ट रविवारी दुपारपर्यंत, तुळशीला पाणी. खाली डॉक्टरांचा नंबर, जो घरात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेच. जादा किल्ली समोरच्या काकूंकडे. नवऱ्याची तयारी बॅग भरणे, गाडीत पेट्रोल टाकणे आणि बुकिंगचा मेसेज पुन्हा एकदा तपासणे इथे संपते. एखाद्या घरात हे चित्र उलटेही असेल, पण वरच्या सर्वेक्षणाचे आकडे पाहता अशी घरे थोडीच.

मुले कुणाकडे ठेवायची हा सगळ्यांत नाजूक प्रश्न. सासूबाई घरात असतील तर त्या ‘जा की, आम्ही आहोत’ म्हणतात. ते कुठल्या स्वरात म्हटले यावर सूनबाईचे निम्मे सुख अवलंबून असते. नाही तर सूनबाईच्या आईला गावाहून बोलावून घेतले जाते, किंवा मुले मावशीकडे जातात. तेही जमणारे नसेल तर बेत पुढे ढकलला जातो, आणि पुढे ढकललेला बेत बहुधा पुढच्या वर्षीच डोके वर काढतो. म्हणजे जोडप्याची विश्रांती कुणाच्या तरी जास्तीच्या कामावर उभी असते आणि ती ‘कुणी तरी’ बहुतेक वेळा दुसरी बाईच असते. हॉटेलचे भाडे, टोल, जेवणाचे बिल यांची बेरीज होते. आजीने दोन दिवस दोन नातवंडांच्या मागे धावून काढलेली पाठदुखी तीत धरली जात नाही.

अशा छोट्या सहलीचे चांगले उदाहरण म्हणून माथेरानच घेता येईल. मध्य रेल्वेच्या कर्जत लोकलने नेरळला उतरता येते, त्यामुळे डोंबिवली-कल्याणच्या जोडप्याला गाडीही लागत नाही. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या खटपटीने 1907 मध्ये सुरू झाली. रूळ अवघे दोन फूट रुंदीचे आणि मार्ग सुमारे 21 किलोमीटरचा, त्यामुळे ती माणसाला घाई करू देत नाही. पावसाळ्यात ती नेरळहून बंद असते. तेव्हा वरच्या टप्प्यात अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. टॅक्सीने आलात तरी मोटार दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. पुढे स्वतःच्या वाहनाला मज्जाव. चालत किंवा घोड्यावर जायचे. माणसाने ओढायच्या रिक्षांची जागा अलीकडे ई-रिक्षा घेऊ लागल्या आहेत.

दस्तुरीच्या पुढे गेले की पहिल्यांदा जाणवते ती हॉर्न नसल्याची शांतता. लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना जांभळाची आणि अंजनीची झाडे, बॅगा डोक्यावर घेऊन पुढे निघालेला हमाल. तासाभरात बूट, सॅंडल, साडीचे काठ सगळे लाल. पण या जागेचा नवराबायकोवर होणारा खरा परिणाम पॉइंटांवर दिसत नाही. तो चालण्यात दिसतो. शार्लोट तलावाकडे किंवा लुईझा पॉइंटला जायचे तर वीस-तीस मिनिटे शेजारी शेजारी चालावेच लागते, आणि चालताना करण्यासारखे दुसरे काही नसते. मोबाइलची रेंजही मधूनच जाते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंतचे बोलणे घराचेच असते. पोरांनी जेवण केले का, आईंना जिना चढायला लावू नका, क्लासची फी भरली का. खोलीवर पोचल्या पोचल्या पहिला फोनही घरीच. दुसऱ्या दिवशी मात्र बोलण्यातून घर थोडे मागे पडते. नोकरी बदलावी का, धाकट्याला खरेच शास्त्र शाखेत रस आहे का, गावच्या जमिनीचे काय करायचे, असे वर्षभर ‘बोलू कधीतरी’ म्हणून बाजूला टाकलेले विषय निघतात. क्वचित भांडणही होते. घरी भिंतीपलीकडे कुणी ना कुणी असल्याने न झालेली भांडणे अशा ठिकाणी होतात, आणि ते काही वाईट नव्हे.

या दोन दिवसांतले सगळ्यांत मोठे सुख कोणते, तर बायकांच्या बाजूने उत्तर जवळजवळ ठरलेले आहे: आयता चहा. सवयीने साडेपाचला जाग येते, पण उठून गॅस पेटवायचा नसतो. कोकणात तारकर्लीला, गुहागरला किंवा दापोलीच्या बाजूला घरगुती निवास-न्याहारीच्या सोयी झाल्या आहेत. तिथे सोलकढी, तांदळाची भाकरी, शुक्रवारी आधी सांगितले तर उकडीचे मोदकही ताटात येतात. ते करणारी आणि वाढणारीही त्या घरची बाईच असते. तिच्यासाठी शनिवार-रविवार हे आठवड्यातले सर्वांत कामाचे दिवस; तिची सहल घडलीच तर पावसाळ्यात.

जोडीने घराबाहेर पडण्याचा एक मोठा प्रकार मात्र महाराष्ट्रात हवापालटाचा नाही, ऊसतोडीचा आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. तिथल्या बोलीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या हिशेबाने मिळते, म्हणून एकट्याने जाणे परवडत नाही. ऊस तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते; पालावर चूलही तीच पेटवते. मुले एक तर बरोबर असतात किंवा गावी आजीकडे. या जोडप्यांचे वर्ष हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास मोजले जाते: उचल फिटली की अंगावर राहिली. फिटली नाही तर पुढचे वर्ष आधीच विकले गेलेले असते. सहलीच्या लेखात हा परिच्छेद खटकेल, पण जोडप्याचे वर्ष म्हणून काही सांगायचे तर तो गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पगारदार घरांत वर्ष एकदा संपत नाही, चारदा संपते. दिवाळीचा पाडवा हा व्यापाऱ्यांच्या वहीपूजनाचा दिवस; घरात बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो तबकात काही टाकतो. त्या ओवाळणीवरून वर्ष कसे गेले याचा साधारण अंदाज येतोच. त्यानंतर 31 डिसेंबर. हल्ली ‘थर्टीफर्स्ट’ची रात्र गच्चीवर पार्टी करण्याची किंवा अलिबागला जाण्याची असते, शिर्डीला मात्र त्याच रात्री दर्शनाची रांग लागलेली असते. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि विम्याच्या पावत्या, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, भाड्याच्या पावत्या यांची शोधाशोध होते. कागदावरचा हिशेब तेवढा याच वेळी पुरा होतो. गुढीपाडव्याला नवीन शक संवत्सर लागते. त्या दिवशी आढावा असा कुणी घेत नाही, कडुनिंब चावून श्रीखंडाकडे वळतात.

पण वर्षाची खरी नोंद बहुतेक घरांत भिंतीवर असते. जयंत साळगावकरांनी 1973 मध्ये सुरू केलेले ‘कालनिर्णय’ किंवा त्याच घडणीचे दुसरे एखादे कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेले असते आणि तारखांच्या चौकोनांत वर्ष साठत जाते. दुधाच्या जादा पिशव्या, कामवालीच्या खाड्यांच्या फुल्या, सिलिंडर लावल्याची तारीख, ‘दंत’ एवढेच लिहिलेला एक मंगळवार, पाहुणे, बारसे, आणि एखाद्या महिन्यात चौकोनांतून सलग ओढलेली रेघ, म्हणजे कुणी तरी दवाखान्यात होते. जुने कॅलेंडर काढून नवे लावताना पाने उलटली जातात आणि नवराबायकोत वर्षाची उजळणी होते ती तिथेच, उभ्या उभ्या. त्यात हिशेबाचा भाग थोडा, आठवणीचा जास्त. घराने वर्षांना दिलेली नावेही लक्षात घेण्यासारखी असतात: बाबांच्या ऑपरेशनचे वर्ष, फ्लॅट घेतला ते वर्ष, ताईच्या लग्नाचे वर्ष, कोरोनाचे वर्ष. माथेरानचे वर्ष असे कुणी म्हणत नाही. मोबाइल एके दिवशी आपणहून जुने फोटो दाखवतो, तेव्हा ‘अगं, आपण गेलो होतो ना’ म्हणून ती सहल आठवते, आणि पुढच्या वर्षीचा बेत सुटीच्या तारखांकडे बघत काढला जातो. तो बेत जमवायचा तर रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते. 2024 च्या नोव्हेंबरपूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. चार महिने आधी ठरवणाऱ्या घरांची त्याने थोडी गैरसोय झाली. आयत्या वेळी ठरवणाऱ्यांना मात्र तिकीट मिळण्याची आशा वाढली.

वय वाढते तसा सहलीचा आडोसा पुन्हा देवाचा होतो. निवृत्तीनंतरची जोडपी अष्टविनायक, नरसोबाची वाडी, गणपतीपुळे, पंढरपूर असे करत फिरू लागतात. अलीकडे त्यात एसटीची मोठी भर पडली. 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटात, आणि 2023 च्या मार्चपासून सर्व वयाच्या महिलांना अर्धे तिकीट. त्यामुळे पासष्टीच्या आतल्या जोडप्यात नवऱ्याचे पूर्ण आणि बायकोचे अर्धे तिकीट निघते, आणि इतकी वर्षे घरखर्चात काटकसर करत आलेल्या बाईला ते कंडक्टरकडून मोजून घेताना बरेच समाधान वाटते. या वयाच्या जोडप्यांना डबे आणि परीक्षा नसल्या तरी दिवस स्वतःच्या मर्जीने ठरवता येत नाहीत. मुलगा-सून बाहेर जातात तेव्हा नातवंडांजवळ राहणारे तेच असतात. म्हणून त्यांची वाडी आणि पुळे सहामाही परीक्षा संपल्यावर, किंवा मेमध्ये नातवंडे आजोळी गेली की मग.